टेन्बीची मेरीमाता

वांद्र्याच्या टेकडीवरील मोतमावली आमच्या वाचकांस अपरिचित नाही. सप्टेंबरातील तिच्या जत्रेत मेणबत्ती लावून नवस फेडणारांत हिंदू कुटुंबेही असतात. त्याच मेरीमातेच्या नावाचे एक प्राचीन चर्च वेल्सच्या नैर्ऋत्य भागात, टेन्बी या समुद्रकाठच्या तटबंदीच्या गावात उभे आहे. सणाच्या निमित्ताने त्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

चर्चची वास्तू मुख्यतः तेराव्या शतकातील. पुढे पंधराव्या शतकात सागरी व्यापाराने गावास बरकत आली, तसा तिचा विस्तार होत गेला. मध्ययुगीन वेल्समधील मोठ्या ग्रामचर्चांत तिची गणना होते. १५२ फूट उंचीचे तिचे शिखर दर्यावर्दींस दुरूनच बंदराची खूण पटवी. वेदीकडील भागास, आपल्या भाषेत गाभाऱ्यास, कोरीव नक्षीचे लाकडी छत आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजाने पोपशी संबंध तोडले, उपासनेची रीत बदलली, भाषाही बदलली. मातेचे नाव मात्र कोणी बदलले नाही.

परंतु आम्हांस मोलाची वाटते ती या वास्तूने जपलेली दोन माणसांची आठवण. पहिला टॉमस व्हाईट, गावचा व्यापारी व महापौर. १४७१ मध्ये ट्यूक्सबरीच्या लढाईत लँकेस्टर पक्षाचा पुरता पराभव झाला आणि जॅस्पर ट्यूडर आपल्या चौदा वर्षांच्या पुतण्यास घेऊन जीव वाचविण्यासाठी टेन्बीस आला. व्हाईटने त्यांस तळघरात दडविले असे परंपरा सांगते. गलबत मिळवून त्यांस समुद्रापार धाडण्यात त्याचा हात होता. पराभूताला आसरा देणे म्हणजे स्वतःचे शिर पणास लावणे होते! तोच मुलगा १४८५ मध्ये सातवा हेन्री म्हणून सिंहासनावर बसला. व्हाईट मात्र १४८२ मध्येच निवर्तला होता. त्याची निद्रिस्त पाषाणमूर्ती या चर्चमध्ये आहे.

दुसरा रॉबर्ट रेकॉर्ड. याच गावी सुमारे १५१० मध्ये जन्मलेला हा वैद्य व गणिती. विद्वानांची भाषा लॅटिन असता त्याने सामान्यांसाठी इंग्रजीत ग्रंथ लिहिले. १५४३ च्या त्याच्या अंकगणिताने, मूळ आपल्या भूमीतून अरबांमार्फत युरोपात गेलेल्या अंकांनी हिशेब कसा करावा, हे इंग्रज वाचकांस शिकविले. प्राकृतात ज्ञान आणण्याचे मोल मराठी घरांत निराळे सांगावयास नकोच. १५५७ मध्ये त्याने बरोबरीसाठी दोन समांतर रेघांचे चिन्ह योजिले. आपली मुले उत्तरापूर्वी वहीत ओढतात ते हेच.

त्याच वर्षी पेम्ब्रोकच्या अर्लने लावलेल्या बदनामीच्या दाव्यात त्यास एक हजार पौंडांचा भुर्दंड बसला. एवढी रक्कम त्याच्यापाशी कोठून असणार? १५५८ मध्ये लंडनच्या तुरुंगातच त्याचा अंत झाला. सरदारांच्या वैभवाची वर्णने पुष्कळ वाचावयास मिळतात. आम्हांस मात्र या कैद्याचाच अधिक अभिमान वाटतो, आणि त्याच्या गावासही तसेच वाटले असावे. व्हाईटची मूर्ती ज्या छताखाली आहे, त्याच छताखाली रेकॉर्डचेही स्मारक आहे.