पालकसभेला मुलालाही खुर्ची द्या

सहामाहीचे पेपर तपासून झाले की शाळेचा निरोप येतो: शनिवारी सकाळी पालकसभा, पालकांनी वेळेवर उपस्थित राहावे. काही शाळा खाली आणखी एक ओळ टाकतात, ‘पाल्यास सोबत आणू नये’. काहींचं याच्या उलट, पाल्य हवाच आणि तोही गणवेशात. बहुतेक ठिकाणी काहीच लिहिलेलं नसतं, त्यामुळे ज्या घरात जसं सुचेल तसं होतं. वर्गशिक्षिका म्हणून बरीच वर्षं टेबलाच्या या बाजूला बसल्यावर मी स्पष्टच सांगते, तिसरी-चौथीपासून पुढच्या मुलाला सभेला घेऊन या. मात्र शेजारी बसवून बोलू देणार असाल तरच. उभं करून बोलणी खायला लावायची असतील तर तो घरीच बरा.

हे सांगायची वेळ येते, कारण आज मुलं येतात तिथे काय चालतं ते मला रोज दिसतं. बाईंच्या टेबलासमोर दोन खुर्च्या. एकीवर आई, दुसरीवर वडिलांचं हेल्मेट आणि भाजीची पिशवी. ज्याच्याबद्दल सगळं चाललंय तो मधे उभा, नजर बुटांकडे. “बाई, घरी कुणाचं म्हणून ऐकत नाही, तुम्हीच सांगा त्याला.” पाठोपाठ मोबाईल, सकाळी न उठणं, मावसभावाचे ब्याण्णव टक्के. रांगेत पाठीमागे त्याच्याच सोसायटीतल्या काकू कान टवकारून उभ्या. एखादे वडील तर मोठ्या मनाने म्हणतात, “मॅडम, हवं तर दोन लावा, आमची ना नाही.” त्यांना सांगावं लागतं की या परवानगीला काही अर्थ नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, आणि हा कायदा एप्रिल 2010 पासून लागू आहे. चारचौघांत केलेला पाणउतारा त्या दुसऱ्या गोष्टीपासून फार लांब नाही, हेही लगेच सांगते.

मग मुलाला आणूच नये, असं कोणी म्हणेल. पण तो घरी राहिला तर त्याच्यापर्यंत काय पोहोचतं ते बघा. मी म्हटलेलं असतं, “अक्षर थोडं सुटं काढायला हवं.” रिक्षा घराच्या कोपऱ्यावर येईपर्यंत त्याचं “बाई म्हणाल्या, तुझं काही खरं नाही” झालेलं असतं. मी केलेलं कौतुक वाटेतच गळून जातं. सोमवारी ते मूल माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतं, आणि मला कारण कळायला आठवडा जातो. समोर बसलेल्या मुलाने ऐकलेलं वाक्य मात्र जसंच्या तसं राहतं.

त्याहून मोठं कारण असं, की काही माहिती फक्त मुलाकडेच असते. सहावीतल्या एका मुलाची विज्ञानाची वही कायम अर्धवट असायची. विषयाच्या बाई म्हणायच्या आळशी आहे, आई म्हणायची वेंधळा आहे. सभेत त्याला नुसतं विचारलं, “तू सांग, वही का राहते?” तो म्हणाला, “मी आधी आकृती काढतो. पट्टीने. तेवढ्यात फळा पुसतात.” वही उघडली तर खरंच, प्रत्येक पानावर नीट छायांकित केलेली आकृती आणि खाली दोन ओळी. त्याला सांगितलं, आधी लिही, आकृतीला जागा सोड, घरी काढ. विषयाच्या बाईंनाही निरोप दिला. प्रश्न तिथेच मिटला. त्याच्याशिवाय आई आणि मी तासभर बसलो असतो तरी फार तर ‘त्याला शिस्त लावायला हवी’ इथपर्यंत पोहोचलो असतो.

तासभर अर्थातच कोणी बसत नाही. कायद्याच्या परिशिष्टात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला पस्तिसांमागे एक, असं प्रमाण लिहिलेलं आहे. शहरातल्या कित्येक वर्गांचा पट पन्नासच्या पुढे असतो. पन्नास पालक, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे चार तासांहून जास्त. तुमच्या वाट्याला येतात जेमतेम तीन-चार मिनिटं, आणि तीही उत्तरपत्रिका चाळण्यात व सही करण्यात संपतात.

म्हणून तयारी आदल्या रात्री घरी करा. मुलाला एका कागदावर तीन गोष्टी लिहायला सांगा: काय बरं चाललंय, कुठे अडतंय, बाईंना किंवा सरांना काय विचारायचंय. कागद त्याचा, अक्षर त्याचं. तुम्ही फार तर वाचा, दुरुस्त करू नका. सभेत पहिलं बोलणं त्याचं होऊ द्या. मूल बुजरं असेल तर कागद माझ्यासमोर सरकवला तरी पुरे, मी वाचते. मार्कांचा विषय निघाला की भावंडाचं आणि शेजाऱ्याचं नाव काढायचं नाही, एवढं पथ्य पाळा. आणि घरी परतताना गाडीवर मागे बसवून उलटतपासणी सुरू करू नका.

काही बोलणी मुलासमोर करूच नयेत. घरातलं भांडण, आई-वडिलांचं वेगळं होणं, आजारपण, थकलेली फी, किंवा शिकण्यातल्या अडचणीची तपासणी करून घ्यावी असा शिक्षकांचा सल्ला. यासाठी सभेचा दिवसच नको. वेगळी वेळ मागून एकटे या. मुलाबद्दल काही गंभीर शंका असेल तर तीही रांगेत उभं राहून सांगू नका. पहिली-दुसरीची मुलं कंटाळतात, त्यांना मैदानावर खेळू द्या.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. आई-वडिलांना इंग्रजी येत नाही आणि शाळा इंग्रजी माध्यमाची, किंवा शाळा मराठी आणि घरची भाषा कन्नड वा हिंदी, अशा वेळी मूलच दुभाषा होतं. स्वतःची तक्रार त्याने स्वतःच आईला समजावून सांगायची! साहजिकच ती बरीच सौम्य होऊन पोहोचते. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं. अशा पालकांनी संकोच न करता आपल्या भाषेत बोलणारा दुसरा शिक्षक, शिपाईमामा किंवा ओळखीचा पालक मागून घ्यावा. इंग्रजी शाळेतल्या बहुतेक बाईंना मराठी येतं, त्यांना सरळ “मराठीत सांगा” म्हणावं. ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरची आजी सभेला येते. तिलाही प्रगतीपुस्तक वाचून दाखवणं हे शिक्षकाचं काम आहे, नातवाचं नाही.

शाळेने मुलांना आणू नका म्हटलं असेल, तर मुख्याध्यापकांना भेटून कारण विचारा. कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकांनी पालकांशी नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगावी असं म्हटलंय. मुलाला बाहेर ठेवा असं त्यात नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर प्रगतीपुस्तकात मुलाने स्वतःचं केलेलं मूल्यमापनही असावं, आणि त्या पुस्तकाच्या जोडीला पालक-शिक्षक सभा व्हाव्यात, असं लिहिलं आहे. स्वतःचं मूल्यमापन करायचं ते मूल सभेत नको, हे कसं जमणार? जागेची अडचण सांगितली तर म्हणा, वर्गातलाच एक बाक टेबलाशी ओढून घेऊ. बाक शाळेत भरपूर असतात. हेल्मेट मांडीवर घ्या आणि पोराला बसू द्या.