‘बिल पास झालं’ म्हणजे नेमकं काय?

ग्रीन कार्डविषयी अमेरिकन काँग्रेसमध्ये काही हालचाल झाली, की आपल्या मंडळींच्या फोनवर मेसेज फिरू लागतात, ‘बिल पास झालं!’ पुढे काहीच होत नाही. मग ‘सगळे राजकारणी सारखेच’ म्हणून विषय संपतो. पण बिल अडलं कुठे, हे कोणी बघत नाही.

२०१९ चंच उदाहरण घ्या. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा मिळत नाही. भारत असो की आइसलँड, मर्यादा तीच. म्हणून तर आपली रांग हलत नाही. ही मर्यादा काढणारं एच. आर. १०४४ हे बिल १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं.

सिनेटमध्ये मात्र त्याचं जुळं भावंड, एस. ३८६, रखडलं. रीतसर मतदान टाळून ‘सर्वसंमती’ने बिल काढायचं, तर एका सिनेटरचा नकारही पुरतो. रँड पॉल यांना परिचारिकांची काळजी होती. डिक डर्बिन म्हणत होते, एकूण ग्रीन कार्डंच वाढवा. एकेकाला राजी करता करता मजकूर बदलत गेला. अखेर २ डिसेंबर २०२० रोजी तेही पास झालं.

दोन्हीकडे पास, तरी कायदा नाही! कारण दोन्ही सभागृहांनी अगदी सारखाच मजकूर मंजूर केल्याशिवाय बिल राष्ट्राध्यक्षांच्या सहीला जात नाही. भारतात असा पेच पडला तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. २००२ मध्ये ‘पोटा’ तसाच मंजूर झाला. अमेरिकेत ती सोय नाही. ३ जानेवारी २०२१ ला त्या काँग्रेसची दोन वर्षांची मुदत संपली आणि बिलही संपलं. नव्या काँग्रेसमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

म्हणजे बिल विरोधी मतांनी पडलं नाही, वेळ संपल्याने पडलं. विरोधकांना हेच सोयीचं असतं. उघड विरोधात मत द्यावं लागत नाही, नुसता उशीर केला की झालं.

रांगेतल्या माणसाला इथे मत नाही. पण आपल्यातले जे नागरिक झालेत, त्यांना आहे. त्यांनी आपल्या प्रतिनिधीला फोन करून नुसतं ‘पाठिंबा द्या’ म्हणू नये. बिल समितीतून कधी निघणार, मतदानाला कधी येणार, हे विचारावं. आणि तारीख मिळेपर्यंत विचारत राहावं.