चपळाई शिकवावी लागते

‘मुलींचे गुडघे मुळातच नाजूक’ हे वाक्य शाळेच्या मैदानावर फार सहज बोललं जातं. फुटबॉल खेळताना एखादी पडली, गुडघा सुजला, की तिचा खेळ संपला. मुलाचा गुडघा सुजला तर आठवड्याने तो पुन्हा मैदानावर असतो.

गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण फुटबॉल खेळणाऱ्या मुलींत मुलांहून दुपटीने किंवा त्याहूनही अधिक आढळतं, हे खरं आहे. फरक दिसू लागतो तो वयात येताना. पण हा अस्थिबंध बहुतेक वेळा कुणाच्या धडकेने तुटत नाही. भरधाव असताना एकदम थांबणं, दिशा बदलणं, उडीनंतर जमिनीवर उतरणं यांत गुडघा आत झुकतो आणि तो तुटतो. आणि थांबणं, वळणं, उतरणं तर शिकवता येतं! नॉर्वेतल्या १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १९०० फुटबॉलपटू मुलींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सरावाआधी वीसेक मिनिटं धावणं, तोल सांभाळणं, मांड्यांची ताकद वाढवणं, उड्या मारणं आणि झटक्यात वळणं असे व्यायाम करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती इतर संघांच्या जवळजवळ निम्म्यावर आल्या. त्यासाठी यंत्र लागलं नाही की व्यायामशाळा.

मग आपल्याकडे अडतं कुठे? अनसिंगसारख्या गावात मुलगी लंगडी, खो-खो खेळते तोवर तिचं पळणं कुणाला खुपत नाही. पाळी आली की ‘आता मोठी झालीस’. संध्याकाळी मैदान मुलांचं, तिच्या वाट्याला पाणी, भाकरी आणि धाकटं भावंड. ज्या वयात शरीर बदलतं, वजनाचा तोल नव्याने शिकावा लागतो, नेमकं त्याच वयात आपण तिचा सराव काढून घेतो, आणि वर्षभराने स्पर्धेपुरती तिला संघात उभी करतो. गुडघा गेला तर दोष कुणाचा?

वाशिम-पुसद रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या मुली दिसतात. त्यांच्या पळण्याला हरकत नसते, कारण पुढे पगार आहे. मला त्या मुलींचं कौतुकच आहे. पण भरतीचे ८०० मीटर सरळ पळायचे; फुटबॉलमध्ये दर काही क्षणांनी वळावं लागतं. शिवाय नोकरीसाठी नव्हे, नुसत्या आनंदासाठी मुलीने घाम गाळावा, हे आपल्या घरांना अजून मानवत नाही. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम फेरी नवी मुंबईत झाली. तेवढ्याने गावातलं मैदान मुलींचं झालं नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या मैत्रिणी आहेत. पुढच्या बैठकीत त्यांनी एवढं मांडावं: आठवड्यातले तीन दिवस मैदान मुलींना, तेही दिवसाउजेडी; खेळाच्या तासाला गणित घ्यायचं नाही; सलवार-ओढणीऐवजी पँट चालेल, हे घरी शाळेने सांगायचं; आणि स्पर्धेच्या खर्चात पहिली रक्कम बुटांची धरायची, करंडकाची नाही.