अंध कारागिराला खैरात नको, मजुरी द्या

आपल्या धंद्यात कारागिराची पारख त्याच्या हातावरून होते. शिंपी, रंगारी, जरीकाम करणारा, प्रत्येकाचा हात आपण लांबूनही ओळखतो. कानाने काम करणारा कारागीरही असतो, हे मात्र मला पन्नाशी ओलांडल्यावर समजले. त्याची हकिकत आज व्यापारी बांधवांपुढे मांडतो, कारण तीत माझी एक चूक आहे आणि तीच चूक आपल्यातले बरेच जण करत असावेत.

मुळशी तालुक्यात माझे कापडाचे दुकान आहे. ईद, दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी टेंपोवर भोंगा लावून पौड, पिरंगुट, भूगाव या पट्ट्यात जाहिरात फिरवावी लागते. ती मी पुण्यातल्या एका स्टुडिओतून करून घेत असे. दोन मिनिटांच्या जाहिरातीला अडीच हजार रुपये. एका वर्षी त्यात सेलची तारीखच चुकली आणि दुरुस्तीला चार दिवस लागले. तोवर निम्मा हंगाम निघून गेला होता.

तेव्हा माझा भाचा म्हणाला, "मामू, मी करून देतो." मी हसलो. काचबिंदूने शाळेत असतानाच त्याची दृष्टी गेली. दुकानात गल्ल्याजवळ बसवावे, सणासुदीला हातावर काहीतरी ठेवावे, एवढाच विचार आम्ही घरच्यांनी त्याच्याबाबत केला होता. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या प्रशिक्षणाला जात असे, पण तेथे तो नेमके काय शिकतो हे मी कधी विचारले नव्हते.

त्याचे काम मी शेजारी बसून पाहिले. कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम असतो. पडद्यावर जे लिहिलेले असते ते तो बोलून दाखवतो. माउसला हात लावायचा नाही, सगळे काम कीबोर्डवर. आवाज भरायला आणि कापायला ऑडॅसिटी नावाचा प्रोग्राम आहे. 'आर' कळ दाबली की रेकॉर्डिंग सुरू, लांब पट्टी दाबली की बंद. मग ऐकत बसायचे. जेथे खोकला किंवा चुकलेला शब्द येतो, तेथे एक चौकटी कंस दाबून सुरुवात धरायची, दुसरा कंस दाबून शेवट धरायचा आणि तेवढा तुकडा काढून टाकायचा. कापण्याआधी 'सी' दाबले की कापल्यावर जोड कसा ऐकू येईल तेही कळते. आपण तागा गजाने मोजून मगच कात्री लावतो, तसेच हे. फरक इतकाच की कापलेले कापड पुन्हा जुळत नाही. येथे कंट्रोल आणि झेड दाबले की कापलेला आवाज जागेवर परत येतो.

डोळस माणसाला पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसतात आणि तो त्या पाहून कापतो. भाचा कानाने कापतो. दुकानातला पंखा रेकॉर्डिंगमध्ये घरघरत होता. त्याने नुसत्या पंख्याच्या आवाजाचा एक तुकडा प्रोग्रामला नमुना म्हणून दिला आणि तो आवाज पूर्ण जाहिरातीतून उतरवला. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी मी गल्ल्यावर शिकलो. 'चोळीचे खण' म्हणताना माझा 'ळ' घसरत होता. त्याने मला तो शब्द सात वेळा म्हणायला लावला, सातव्यातला चांगला 'ळ' उचलला आणि जागेवर बसवला. स्टुडिओवाल्याने हे कधी केले नव्हते. हेडफोन लावूनच काम का करायचे, तेही त्याने सांगितले. नाहीतर स्क्रीन रीडरचे बोलणे माइकमध्ये शिरते आणि गिऱ्हाइकाला साडीच्या भावाबरोबर कॉम्प्युटरची बडबडही ऐकू जाते.

जाहिरात एका दिवसात तयार झाली. मी खूष होऊन पाचशे रुपये त्याच्या हातावर ठेवले आणि वर म्हणालो, "ठेव, ईदी समज." तो गप्प राहिला. मग म्हणाला, "मामू, स्टुडिओला अडीच हजार देत होतात. माझे काम त्यांच्यापेक्षा कमी असेल तर कमी द्या. पण कमी नसेल तर ही ईदी कशाची?"

मला जबाब सुचला नाही. शिंप्याची शिलाई आपण बुडवत नाही. त्याच्या मजुरीला ईदीही म्हणत नाही. मग याच्या मजुरीला मी खैरातीचे नाव का दिले? कारण मी त्याच्या कामाकडे पाहिलेच नव्हते, त्याच्या डोळ्यांकडे पाहत होतो. त्याच दिवशी उरलेले दोन हजार दिले आणि ते धंद्याच्या खर्चाच्या वहीत जाहिरातीच्या खात्यावर लिहिले.

ही विद्या अंधांना कोणी दया म्हणून दिलेली नाही. 'जॉज' हा प्रसिद्ध स्क्रीन रीडर अमेरिकेत टेड हेंटर यांनी सुरू केला. ते मोटारसायकलच्या शर्यती खेळत आणि १९७८ मध्ये अपघातात त्यांची दृष्टी गेली. तो प्रोग्राम उत्तम, पण महाग. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी 'एनव्हीडीए' सुरू केला आणि जेम्स तेह त्यांच्याबरोबर आले. दोघेही अंध, लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात त्यांची ओळख झालेली. हा प्रोग्राम त्यांनी सर्वांना मोफत ठेवला. मराठी तो वाचतो, उर्दूही वाचतो, मात्र उर्दूत जेर-जबर लिहिलेले नसतात म्हणून अडखळतो. ऑडॅसिटी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झाला आणि २००० सालापासून तोही मोफत आहे. म्हणजे खर्च उरतो तो जुना लॅपटॉप, बरा माइक आणि हेडफोन यांचा. शिलाई मशीन घेऊन देणाऱ्याला हा खर्च जड नाही.

अडचणी नाहीत असे नाही. काही प्रोग्राम बनवणारे बटणांना नावच देत नाहीत. तेथे स्क्रीन रीडर नुसते "बटण, बटण" म्हणत राहतो. नवी आवृत्ती आली की काल चालणारे काम आज अडते. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे आपल्याच तालुक्यात आहेत आणि तेथे रोज हजारो इंजिनिअर येतात. त्यांच्यापैकी कोणी आपला मुलगा, जावई किंवा गिऱ्हाईक असेल, तर त्याला एवढेच सांगा की आपला प्रोग्राम एकदा पडदा बंद करून, नुसत्या कीबोर्डवर चालवून पाहा.

कोणी म्हणेल, आता यंत्रच जाहिरात बोलून देते, माणूस कशाला? मी तेही करून पाहिले. आवाज गोड होता, पण तो कोणत्या दुकानाचा आहे हे गिऱ्हाइकाला कळत नव्हते. आमच्या गावात माझा घसरलेला 'ळ' ओळखणारे लोक आहेत. आणि यंत्राने कोणता शब्द चुकीचा उच्चारला, हे शेवटी कोणाला तरी ऐकावेच लागते.

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीचे अपंगत्व असलेले ५० लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा अपंगांसाठी ठेवल्या, त्यात अंध व अल्पदृष्टी असलेल्यांना एक टक्का. एवढ्या जागांनी सगळ्यांचे पोट भरणार नाही आणि आपल्यासारख्या छोट्या दुकानदारावर तसे बंधनही नाही. पण लग्नाच्या चित्रफितीचा आवाज, शाळेच्या कार्यक्रमाचे रेकॉर्डिंग, जलशातली तकरीर, दुकानाची जाहिरात ही कामे आपण कोणाला तरी देतोच.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या नात्यागोत्यात, मोहल्ल्यात असे मूल असेल तर ते काय शिकते ते विचारा. काम देताना बाजारभाव ठरवा आणि मुदत ठरवा. काम बिघडले तर शिंप्याला परत देतो तसे परत द्या. बिचारा म्हणून निकृष्ट माल घेऊ नका, तोही अपमानच आहे. आणि काम पसंत पडले तर पैसे मजुरी म्हणून द्या.

भाच्याकडे आता दुसऱ्या दोन दुकानांचे काम येते. यंदा त्याने मला दर वाढवून सांगितला. मी घासाघीस केली, त्यानेही केली. धंद्याला हेच शोभते.