टेन्शन हवं, पण गंज नको!

तुमच्या ऑफिसच्या फ्लोअरवर एक नजर टाका. या टोकाच्या बॉसच्या केबिनपासून त्या टोकाच्या कॉफी मशीनपर्यंत सगळं एकदम ओपन. लपायला मध्ये एक खांबसुद्धा नाही! ही कृपा इंटिरियर डिझायनरची नव्हे, बऱ्याचदा ती डोक्यावरच्या पोस्ट-टेन्शन्ड, म्हणजे पीटी स्लॅबची असते.

होय, टेन्शनच. जे आपण सोमवारी सकाळी घेतो, ते इथे काँक्रीटला मुद्दाम दिलं जातं. फंडा सोपा आहे. काँक्रीट दाब मस्त सोसतं, पण ताण आला की तडकतं. म्हणून स्लॅबच्या आत नळ्यांमधून पोलादी केबल्स सोडायच्या. काँक्रीटनं ताकद धरली, साधारण तीन ते सात दिवस झाले, की त्या जॅकनं खेचायच्या आणि टोकाला पाचर मारून अडकवायच्या. जेमतेम १२.७ मिलीमीटर जाडीच्या एका केबलला तेरा-चौदा टनांची ओढ! ती आखडायला बघते आणि काँक्रीटला आवळून धरते. फ्रान्सच्या युजीन फ्रेसिने या इंजिनिअरनं १९२८ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं.

फायदे सॉलिड आहेत. खांबांमध्ये नऊ मीटर अंतर असलं तरी २०० ते २२५ मिलीमीटर जाडीच्या स्लॅबवर भागतं, खाली लोंबणारे बीम नकोत. मजल्यामागे फूटभर उंची वाचली, तर दहा मजल्यांत आख्खा एक मजला जास्त निघतो. काँक्रीट कमी, तडे कमी. साध्या मोठ्या स्लॅबचे टेकू दोन आठवडे हलवता येत नाहीत, इथे सेंट्रिंग लवकर मोकळं होतं. बिल्डर खूश!

आता तुम्ही म्हणाल, ही बया एवढं का वाचत बसली? कारण तारकर्लीचा माझा मावसभाऊ. दादा पुण्यातली आयटीची नोकरी सोडून गावी होम-स्टे बांधतोय, आणि त्यात माझीही थोडी सेव्हिंग्ज जाणार आहेत. परवा फोनवर त्यानं जाहीर केलं, "हॉलात माका एकव खांब नको!" त्याला जुन्या ऑफिससारखा पीटी स्लॅब हवाय.

पण पुणं आणि तारकर्ली यांच्यात एक फरक आहे, मीठ. समुद्राच्या हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये मुरतं आणि पोलादाला गाठतं. साध्या स्लॅबची सळई गंजली की फुगते, तडे जातात, पोपडे पडतात. म्हणजे निदान वॉर्निंग तरी मिळते. खेचून धरलेली केबल मात्र नळीच्या आत गंजते, वरून काहीच दिसत नाही, आणि एक दिवस तुटते.

सिंधुदुर्गातून पणजीला जाणाऱ्या जुन्या मंडळींना मांडवीचा नेहरू पूल आठवत असेल. तोही याच तंत्राचा, ताण दिलेल्या काँक्रीटचा. बांधून पंधरा-सोळा वर्षं होतात न होतात, तोच ५ जुलै १९८६ ला कोसळला. केबल्सना लागलेला गंज हे कारण पुढे आलं. नवा पूल होईपर्यंत लोक फेरीबोटीच्या रांगेत. आणि २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोटावरचा पुतळा पडला, तेव्हा गंजलेल्या नट-बोल्टांवर सगळीकडे चर्चा झालीच.

मग किनाऱ्यावर पीटी नकोच का? तसं नाही. पण काम चोख हवं. खेचल्यावर नळ्या सिमेंटच्या ग्राउटनं पूर्ण भरल्या का? पोकळी राहिली की गंजाला आयतं घर. टोकाचे अँकर नीट बंद केले का? केबल्सचा नकाशा मालकाच्या हातात आहे का? नाहीतर उद्या प्लंबर ड्रिल घेऊन येणार आणि थेट केबलच कापणार.

शिवाय गरज किती, हेही बघा. पीटीची मजा साधारण सात-आठ मीटरच्या पुढे आणि मोठ्या एरियावर. दादाचा हॉल सहा मीटर रुंद. तेवढा साध्या आरसीसी बीमवर आरामात निघतो, मध्ये एकही खांब न घालता. तिथेही किनाऱ्यासाठी आयएस ४५६ हा कोड किमान एम-३० काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलीमीटरचं कव्हर मागतो. खाडीची खारी रेती तर नकोच.

कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग १६६४ पासून लाटा खातोय. त्याच्या तटात दगड आहे, चुना आहे, सळई नाही. आपल्याला सळईशिवाय जमत नाही, तेव्हा काळजी आपणच घ्यायची. दादाला मी एकच अट घातलीय. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही, मग माझा चेक!