डॉक्टरांची पाटी वाचली, पक्कड पाहिली का?

इंझोरीतल्या माणसाची दाढ ठणकू लागली की तो आधी लवंग दाबून धरतो, मग मेडिकलमधून गोळी आणतो आणि अगदीच असह्य झाले की मानोऱ्याची किंवा कारंजाची वाट धरतो. तिथे पोचल्यावर त्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. दुखेल किती आणि पैसे किती लागतील? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझ्या तोंडात जाणारे हे हत्यार याआधी कुणाच्या तोंडात होते आणि मधल्या वेळात त्याचे काय केले?

हा प्रश्न आगाऊपणाचा मुळीच नाही. तामिळनाडूच्या तिरुपत्तूर जिल्ह्यातील वाणियमबाडी येथे २०२३ मध्ये मेंदूच्या गंभीर संसर्गाचे रुग्ण आढळले. शोध घेता घेता धागा एका दंत दवाखान्यापर्यंत गेला. त्या दवाखान्याशी जोडल्या गेलेल्या रुग्णांपैकी ८ जण दगावले. आजार होता मेलिऑइडोसिस, म्हणजे माती-पाण्यात राहणाऱ्या एका जिवाणूचा संसर्ग. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासात जी गोष्ट पुढे आली ती ऐकायला अगदी किरकोळ वाटते. हिरडी हाडापासून सुटी करण्याचे हत्यार सलाईनची बाटली उघडायला वापरले जात होते आणि तीच उघडी बाटली सैल बंद करून पुढच्या रुग्णांसाठी ठेवली जात होती. यंत्र बिघडले नव्हते, भूल चुकली नव्हती. रोजची एक सवय जिवावर बेतली.

दाताच्या दवाखान्यातली नेहमीची हत्यारे मोजकीच असतात. छोटा आरसा, कीड चाचपण्याची टोकदार सळई, चिमटा, दात साफ करण्याचे स्केलर, दात सैल करणारे एलिव्हेटर, दात काढण्याची पक्कड आणि दात कोरणाऱ्या बरसह फिरणारे हँडपीस. यातले जे रक्तात किंवा हाडात शिरते ते प्रत्येक वेळी पूर्ण निर्जंतुक झालेच पाहिजे. आरशासारखे जे फक्त तोंडाच्या आतल्या त्वचेला लागते, तेही उष्णता सोसणारे असेल तर ऑटोक्लेव्हमध्येच गेले पाहिजे. हँडपीस स्पिरिटने पुसून भागत नाही. ते थांबताना लाळ आणि रक्ताचे कण आत ओढून घेऊ शकते आणि पुढच्या रुग्णाच्या तोंडात सोडू शकते.

अनेकांना वाटते, पाण्यात उकळले म्हणजे झाले. उकळत्या पाण्याने बरेच जंतू मरतात, पण काही जिवाणूंचे बीजाणू त्यातूनही तगतात. ऑटोक्लेव्हमध्ये वाफ दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापते आणि पाकीटबंद हत्यारांना त्या तापमानात साधारण ३० मिनिटे ठेवावे लागते. त्याआधी ती घासून स्वच्छ धुवावी लागतात, कारण वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही. जंतुनाशक द्रावणात दहा मिनिटे बुडवून काढलेली पक्कड चमकते खरी, पण निर्जंतुक होत नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू सुकलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकतो.

तरीही असे आजार कागदावर का दिसत नाहीत? हिपॅटायटिस बी ची लक्षणे दिसायला एक ते सहा महिने लागू शकतात. चैत्रात काढलेली दाढ आणि श्रावणात झालेली कावीळ यांचा संबंध ना रुग्ण लावतो, ना आम्ही डॉक्टर प्रत्येक वेळी विचारतो. म्हणून ‘आमच्याकडे आजवर काही झाले नाही’ या वाक्यावर माझा विश्वास नाही.

आता मुद्द्याचे. दोष नेहमी निष्काळजीपणाचा नसतो, पुष्कळदा तो हिशेबाचा असतो. समजा, दवाखान्यात ५ संच आहेत. धुणे, पाकीट करणे, तापवणे, वाळवणे आणि निववणे धरले तर एका फेरीला सव्वा तास जातो. चार तासांच्या ओपीडीत यंत्राच्या फार तर तीन फेऱ्या होतात. सकाळी तयार असलेले ५ आणि नंतरचे १५ धरून २० रुग्णांची सोय झाली. बाहेर ४० जण उभे असतील तर उरलेल्या २० जणांच्या तोंडात काय जाणार? त्यात वीज गेली की हा हिशेबही कोलमडतो.

म्हणूनच, सरकारी रुग्णालयात काम करीत असूनही सांगतो, गावोगावच्या शिबिरांत दात काढण्याला माझा विरोध आहे. शंभर रुग्ण तपासल्याचा फोटो छापून येतो, पण शंभर आरसे होते का हे कोणी विचारत नाही. शिबिरात बॅटरीच्या उजेडात आणि एकदाच वापरायच्या लाकडी पट्टीने तोंड तपासावे. खर्रा खाणाऱ्यांच्या आपल्या भागात गालातला पांढरा चट्टा वेळेत दिसणे हेच मोठे काम आहे. दात काढायचा असेल तर रुग्णाला दवाखान्यात बोलवावे. आणि शासनाने दंतचिकित्सेची खुर्ची देताना तिच्यासोबत पुरेसे संच, ऑटोक्लेव्ह, वीज गेली तर पर्यायी सोय आणि हत्यारे धुणारा प्रशिक्षित माणूस द्यावा. नुसती खुर्ची म्हणजे बैलाविना बंडी.

रुग्णांनीही थोडी भीड सोडावी. हत्यारांचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला आहे का ते पाहा. त्या खुणेवरून पाकीट यंत्रातून गेल्याचे कळते. सुई नवी आहे ना, हातमोजे बदलले ना, हेही विचारा. सलाईनची बाटली आधीच उघडलेली दिसली तर ती नको म्हणा. कावीळ किंवा हिपॅटायटिस असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. आणि आठवडी बाजारात गोणपाटावर पक्कड मांडून बसलेल्याकडे, शंभर रुपये वाचतात म्हणून, तोंड उघडू नका.

चांगला दंतवैद्य अशा प्रश्नांनी रागावत नाही. तो पाकीट उचलून दाखवतो. जो रागावतो, त्याच्या खुर्चीवरून उठून जाण्याचा हक्क दाढ कितीही ठणकत असली तरी आपलाच असतो.