क्रमांकाला मुदत, कराला नाही

बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आयकर हा विषय शिकवू लागून मला बरीच वर्षे झाली. या काळात विद्यार्थ्यांनी विचारलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे पुस्तकात सापडत गेली. २०२५ साली मात्र घरातूनच असा एक प्रश्न आला की माझी भंबेरी उडाली. अमेरिकेत नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने फोनवर विचारले, "मामा, कर भरणाऱ्याच्या नंबराला कधी एक्स्पायरी डेट असते का?" मी हसून म्हणालो, "अरे, औषधाच्या बाटलीला असते, दुधाच्या पिशवीला असते. करदात्याच्या नंबराला कसली आली आहे?" तो काही हसला नाही. तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे माझ्या ध्यानात आले.

हकीकत अशी. भाचा एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. पत्नी आणि बेळगावात जन्मलेली मुलगी त्याच्यावर अवलंबून, म्हणून त्यांचा व्हिसा एच-४. २०१९ च्या अखेरीस हे तिघे कायमचे म्हणून गावी परतले होते. पण नशिबात पुन्हा अमेरिकेचे पाणी होते. २०२४ च्या सुरुवातीला नवी नोकरी मिळून ते परत गेले आणि २०२५ च्या वसंतात त्यांनी २०२४ सालचे विवरणपत्र भरले. काही दिवसांनी नोटीस आली. पत्नी आणि मुलगी या दोघींचे कर-क्रमांक मुदतबाह्य झालेले असून, मुलीच्या नावे करातून वजा होणारी ५०० डॉलरची सवलत तूर्त नामंजूर. कर मात्र विनातक्रार जमा झाला होता. घेणे चालू, देणे तेवढे बंद.

हा क्रमांक म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत करदात्याची ओळख साधारणतः सोशल सिक्युरिटी नंबरावरून पटते. पण ज्याला तेथे काम करण्याची परवानगी नाही त्याला तो नंबर सहसा मिळत नाही. तरीही अशा माणसाचे नाव विवरणपत्रात येऊ शकते. कोणाला तेथील घरभाड्याचे उत्पन्न असते, कोणाची पत्नी संयुक्त विवरणपत्रात सामील असते, कोणाच्या शिष्यवृत्तीचा काही भाग करपात्र ठरतो. अशांसाठी तेथील महसूल खात्याने १९९६ साली वेगळा क्रमांक सुरू केला. त्याला इंडिव्हिज्युअल टॅक्सपेयर आयडेंटिफिकेशन नंबर, थोडक्यात आयटीआयएन, म्हणतात. आकडे नऊ, आणि पहिला आकडा नेहमीच ९. या क्रमांकाने नोकरीचा हक्क मिळत नाही, पेन्शन मिळत नाही, देशात राहण्याची परवानगीही मिळत नाही. तो फक्त कर भरण्यासाठी असतो.

सुरुवातीला हा क्रमांक एकदा मिळाला की मिळाला. २०१५ च्या डिसेंबरात अमेरिकन काँग्रेसने कायदा केला आणि चित्र पालटले. लागोपाठ तीन करवर्षांच्या विवरणपत्रांत जो क्रमांक एकदाही आला नाही, तो तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपणार, असे ठरले. शिवाय २०१३ पूर्वी दिलेले सगळे जुने क्रमांक, वापरात असोत वा नसोत, टप्प्याटप्प्याने रद्द करण्यात आले. क्रमांकातला चौथा आणि पाचवा आकडा पाहून पाळी लावली. ज्यांचे हे आकडे ७८ किंवा ७९, ते २०१६ च्या अखेरीस संपले आणि शेवटची तुकडी २०२० च्या अखेरीस. भाच्याच्या घरी पहिला नियम लागू पडला. २०२०, २०२१ आणि २०२२ ही तीन वर्षे ते इकडे होते, तिकडचे उत्पन्न नव्हते, म्हणून विवरणपत्र नव्हते. २०२३ साल उगवले तेव्हा दोघींचे क्रमांक मृत झालेले होते. भाच्याचा स्वतःचा सोशल सिक्युरिटी नंबर मात्र जसाच्या तसा जिवंत, कारण त्याला मुदतच नसते. एकाच छपराखाली, एकाच विवरणपत्रावर नवऱ्याचा नंबर अमर आणि बायकोचा मर्त्य, असा हा न्याय!

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. हा कायदा कोणाच्या लहरीखातर झाला नाही. महसूल खात्यावर देखरेख करणाऱ्या महानिरीक्षकांनी २०१२ साली जो अहवाल दिला, त्यात या क्रमांकांच्या वाटपातील ढिलाईवर कडक ताशेरे होते. एकेका पत्त्यावरून हजाराहून अधिक अर्ज आलेले असताना ते सर्रास मंजूर होत होते. खोट्या माणसांच्या नावे परतावे लाटले जात होते. आपल्याकडे बोगस रेशनकार्डांचा सुळसुळाट पाहिलेल्या माणसाला हे नवल वाटू नये. वापरात नसलेला क्रमांक चोराच्या हाती लागू नये म्हणून तो बंद करणे हा शहाणपणाच आहे. आपल्या सरकारनेही आधारशी न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय केलेच की. तेव्हा मुदत असावी की नसावी, हा माझा वाद नाही. मुदत संपल्यावर प्रामाणिक माणसाला जी वाट दाखवली जाते, ती वाट माणसांनी चालण्याजोगी आहे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

ती वाट अशी आहे. डब्ल्यू-७ नावाचा अर्ज भरायचा आणि त्यात नूतनीकरणाच्या चौकटीत खूण करायची. सरकारी फी काही नाही. परंतु अर्जासोबत ओळखीचा मूळ कागद जोडावा लागतो, किंवा तो कागद ज्या कार्यालयाने दिला त्यानेच प्रमाणित केलेली प्रत. ओळख आणि परदेशी नागरिकत्व या दोन्ही गोष्टी एकट्याने सिद्ध करणारा कागद एकच, तो म्हणजे पासपोर्ट. नोटरीचा शिक्का मारलेली प्रत २०१२ पासून चालत नाही. आपण सारे 'ट्रू कॉपी'च्या राज्यात वाढलेली माणसे. शाळेच्या दाखल्यापासून जमिनीच्या उताऱ्यापर्यंत साहेबाची सही आणि गोल शिक्का घेतला की काम झाले, ही आपली समजूत. तिकडे तो शिक्का कवडीमोलाचा.

भाच्याच्या करसल्लागाराने सांगितले, पासपोर्ट टपालाने पाठवून द्या, येतील परत. त्याने दिले पाठवून. अशा अर्जाला साधारण सात आठवडे लागतात, आणि जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतच्या गर्दीत किंवा परदेशातून अर्ज केल्यास नऊ ते अकरा. याच काळात इकडे माझी बहीण न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. भाचा मिळेल त्या विमानाने धावत आला. सून आणि नात येऊ शकल्या नाहीत, कारण त्यांचे पासपोर्ट टपालात होते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री बहीण सारखी विचारत होती, "पोर कुठाय? पोर का नाही आली?" कर-क्रमांकाची मुदत संपल्यामुळे, हे तिला कोणत्या भाषेत सांगायचे? सुदैवाने ती बरी झाली, आता काठी घेऊन चालते. पासपोर्टही ठरल्या मुदतीत परत आले, क्रमांक जिवंत झाले, नातीच्या नावची सवलतही मिळाली. दोष कोणा कारकुनाचा नव्हता. पण ते दिवस कोणी भरून देणार आहे काय?

पुढे चौकशी करता कळले की पासपोर्ट हातचा सोडण्याची गरजच नव्हती. महसूल खात्याने मान्यता दिलेले मध्यस्थ असतात. ते मूळ पासपोर्ट समोर पाहतात, तपासतात, जागच्या जागी परत देतात आणि स्वतःचे प्रमाणपत्र अर्जाला जोडतात. त्यांची फी मात्र खिशातून द्यावी लागते. खात्याच्या काही स्थानिक मदत केंद्रांतही वेळ ठरवून गेल्यास अशी तपासणी होते. म्हणजे सोय होती, पण ती ठाऊक असलेल्यापुरती. ज्याला पैसे आणि ओळखी आहेत तो मध्यस्थाकडे जातो आणि ज्याला नाहीत तो पासपोर्ट टपालपेटीत टाकून देवाचे नाव घेतो.

शिक्षक-कक्षात हा विषय निघाला तेव्हा कन्नड विभागातील माझे एक सहकारी शांतपणे म्हणाले, "सर, आमच्या मुलीच्या घरीही हेच झाले." त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते. बेळगावात मराठी-कन्नडावरून आपण कितीही वाद घालू, परदेशी खिडकीपुढे आपली रांग एकच. आणि त्या रांगेत आपल्यापेक्षाही बिकट अवस्थेत असलेली माणसे आहेत. हा क्रमांक घेऊन कर भरणाऱ्यांत फार मोठा भाग अशा मजुरांचा आहे की ज्यांच्याकडे तेथे राहण्याची कागदपत्रेच नाहीत. शेतात, बांधकामावर, हॉटेलच्या मुदपाकखान्यात राबून ते कर भरतात, कारण कर भरल्याची नोंद उद्या उपयोगी पडेल अशी त्यांची आशा असते. कर खात्याला दिलेली माहिती त्या खात्यापुरतीच राहील, हा त्यांचा विश्वास. २०२५ च्या एप्रिलात ही माहिती स्थलांतरितांना हुडकणाऱ्या यंत्रणेला देण्याबाबत तेथील दोन खात्यांत करार झाला आणि तो वाद न्यायालयात गेला. आता नूतनीकरणाच्या अर्जावर आपला खरा पत्ता लिहिताना त्या मजुराचा हात थरथरला, तर त्याला दोष कसा द्यावा? कर नाही त्याला डर कशाला, असे आपण म्हणतो. येथे जो कर भरतो त्यालाच डर!

माझे म्हणणे थोडक्यात असे. कर देण्याचे कर्तव्य जर मुदतबाह्य होत नसेल, तर ते पार पाडण्याचे साधन मुदतबाह्य करताना सरकारने दुप्पट काळजी घेतली पाहिजे. जुने क्रमांक टप्प्याटप्प्याने रद्द करताना धारकांना पत्रे गेली होती हे खरे. पण देश सोडून गेलेल्याला जुन्या पत्त्यावरचे पत्र काय कामाचे? दुसरे, मूळ पासपोर्ट मागण्याऐवजी तो माणसासमोर पाहून परत देण्याची सोय फुकट आणि सर्वत्र, परदेशातल्या वकिलातींतही, असली पाहिजे. तिसरे, ज्या विवरणपत्रावरचा कर स्वीकारला, त्याच विवरणपत्रावरची सवलत केवळ क्रमांक शिळा झाला म्हणून अडवून ठेवू नये. ओळख पटवायला मुदत द्यावी आणि तोवर हिशेब खुला ठेवावा. ज्या राज्याला माणूस कर घेण्यापुरता ओळखता येतो, त्याला तो सवलत देण्यापुरताही ओळखता आला पाहिजे.

अर्थात वॉशिंग्टनचे कायदे आमच्या कॉलेजच्या अंकातील लेखाने बदलणार नाहीत, हे मलाही कळते. म्हणून शेवटचे चार शब्द विद्यार्थ्यांसाठी. तुमच्यापैकी अनेकजण उद्या शिकायला वा नोकरीला बाहेर जाल. जाल तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या क्रमांकाची नोंद वहीत ठेवा, आणि तो शेवटचा कोणत्या वर्षाच्या विवरणपत्रात आला तेही लिहून ठेवा. तो क्रमांक पुन्हा विवरणपत्रात यायचा नसेल, तर नूतनीकरणाच्या खटाटोपात पडू नका. सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला तर जुना क्रमांक वापरणे थांबवा आणि तसे खात्याला कळवा. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे, तर मधले नावही बदलते. वडिलांच्या जागी नवरा येतो. नाव कायदेशीररीत्या बदलले असेल तर अर्जासोबत विवाहाचा दाखला जोडावा लागतो, तो आधीच काढून ठेवा. आणि काहीही झाले तरी पूर्ण चौकशी केल्यावाचून पासपोर्ट हातचा सोडू नका.

वर्गात आता मी आयकराचा पहिला तास या गोष्टीनेच सुरू करतो. मुले हसतात. मीही फोनवर असाच हसलो होतो.